सातवे पाऊल

भाविकहो, आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी टाळमृदंगांचा घोष दुमदुमत आहे. याच पंढरीत सव्वाशे वर्षांपूर्वी एक सुवासिनी, पती हयात असता, पतिवियोगाचे दुःख कंठीत होती. त्या म्हणजे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक.

नाशिकजवळील जलालपूरच्या गोखल्यांची ही मनकर्णिका १८६८ साली जन्मली. पित्याचे सोवळे इतके कडक की घरात आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यावयाचे! अकरा-बारा वर्षांच्या वयात नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. टिळक कवी, संस्कृतज्ञ, कीर्तनाचे रसिक. परंतु स्वभावाने अस्थिर. आगगाडीच्या प्रवासात एका परक्या गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल दिले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. सहधर्मचारिणीला विश्वासात न घेता केलेले हे धर्मांतर! लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाने पंढरपुरास राहिल्या.

१८६६ च्या कायद्यान्वये, धर्मांतरामुळे जोडीदार नांदावयास नकार देत असल्यास ख्रिस्ती झालेल्या पक्षास न्यायालयातून विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. दुसरा संसार मांडला नाही. लक्ष्मीबाईंनीही पतीचा ध्यास सोडला नाही. पुढे त्या पतीकडे आल्या, परंतु चूल निराळी, सोवळे निराळे. एका घरात दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी बळजबरी केली नाही. लक्ष्मीबाई आपल्याच मनाशी विचार करीत राहिल्या; जातिभेद मनुष्यकृत आहे असा त्यांचा निश्चय झाला, सोवळे गळून पडले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

तुकोबारायांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक मानीत. मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांनी अभंग व कीर्तन आणले. त्यांच्या नगरच्या घरी बालकवींसारख्यांना मायेचे छत्र लाभले. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरेच होते. ज्या पत्नीला त्यांनी अक्षरे शिकविली, तिनेच ते काव्य पूर्णत्वास नेले. १९३६ साली लक्ष्मीबाईंनी देह ठेवला.

स्वधर्मत्याग आम्हांस रुचणारा नाही, हे स्पष्टच सांगतो. पत्नीस अंधारात ठेवणे तर कोणत्याच शास्त्रास मान्य होणार नाही. तथापि सप्तपदीचे सातवे पाऊल हे सख्याचे पाऊल आहे, आणि त्या परीक्षेस हे दांपत्य अखेर उतरले. आता काळ पालटला आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने आपापला धर्म न सोडता भिन्नधर्मीयांस विवाहबद्ध होता येते. उद्या कोणा भाविकाच्या घरी असा प्रसंग उभा राहिला, मुलाने वा मुलीने परधर्मीय जोडीदार निवडला, तर मातापित्यांनी वाद अवश्य घालावा, समजूत घालावी, डोळे पुसावेत. परंतु दार मात्र लावून घेऊ नये. लेकीने धर्म सोडू नये अशी प्रार्थना करावी. आणि आपणही लेकीस सोडू नये.

विटेवर अठ्ठावीस युगे उभा असलेला तो जगजेठी आणखी काय शिकवितो? पुंडलिकाने थांबावयास सांगितले, देव थांबला. आपल्या माणसांसाठी आपणही थोडे थांबावयास शिकावे, हीच आजच्या पुण्यदिनी विठुरायाचरणी प्रार्थना.