निर्भय रमण

मदुराईच्या दक्षिणेस काही कोसांवर तिरुचुळी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे सुंदरम् अय्यर नावाचे एक वकील राहत असत. ३० डिसेंबर १८७९ रोजी त्यांना दुसरा मुलगा झाला. त्याचे नाव वेंकटरामन. हाच मुलगा पुढे रमण महर्षी या नावाने जगास ज्ञात झाला. पण बालपणी त्याच्या ठायी साधुत्वाचे एकही लक्षण दिसत नव्हते. स्मरणशक्ती तल्लख असूनही अभ्यासात त्याचे मन रमत नसे. फुटबॉल, कुस्ती आणि पोहणे यांत मात्र तो पुढे असे. आणि झोप? ती तर कुंभकर्णाची! त्याच्यावर राग असलेली मुले जागेपणी त्याच्या वाटेस जात नसत. ती त्याला झोपेत उचलून नेत, मनसोक्त बदडीत आणि पुन्हा अंथरुणावर आणून टाकीत. तरी सकाळी त्याला त्याचा पत्ताही नसे.

तो बारा वर्षांचा असताना, १८९२ साली, वडील वारले. वडील समोर निजल्यासारखे दिसत होते आणि तरीही ते गेले म्हणून सर्वजण रडत होते. मग गेले ते काय, या कोड्याने त्या मुलास बराच काळ विचारात टाकले. पुढे आई अळगम्माळ धाकट्या मुलांसह एका दिराकडे राहिली आणि वेंकटरामन थोरल्या भावाबरोबर मदुराईस दुसऱ्या चुलत्यांच्या घरी आला.

१८९६ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. सोळा वर्षांचा वेंकटरामन चुलत्यांच्या माडीवरील खोलीत एकटाच बसला होता. प्रकृती ठणठणीत होती. ताप नाही की दुखणे नाही. आणि एकाएकी, आपण आता मरणार, या विचाराने त्याला ग्रासले. मुलांनो, रात्रीच्या अंधारात मरणाच्या कल्पनेने छाती धडधडू लागली, की आपण काय करतो? पांघरूण डोक्यावरून घेतो, नाही तर आईला हाक मारतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. थोरामोठ्यांचीही तीच अवस्था होते. वेंकटरामनला भय वाटलेच नाही, असे कोणी समजू नये. तो अतिशय घाबरला होता. परंतु त्याने वैद्याला बोलावले नाही, की वडीलधाऱ्यांना हाक मारली नाही. ज्याचे भय वाटते ते आहे तरी काय, हे आपणच पाहावे, असे त्याने तत्क्षणी ठरविले.

तो जमिनीवर उताणा पडला. हातपाय प्रेतासारखे ताठ केले, ओठ घट्ट मिटले, श्वास रोखला. आता हे शरीर मेले. लोक ते तिरडीवर घालून स्मशानात नेतील आणि त्याची राख होईल, असे चित्र त्याने मनापुढे उभे केले. चार वर्षांपूर्वी घरातून वडिलांचा देह असाच नेण्यात आला होता. मग त्याने स्वतःला विचारले, की शरीराबरोबर मीही मेलो काय? शरीर तर मुके, निश्चल पडले आहे. तरी मी आहे ही जाणीव आत लख्ख जागी आहे. तेव्हा जळेल ते शरीर. ही जाणीव जळणारी नव्हे. हे त्याने तर्काने जुळविले नाही. अंगाला ऊन लागावे तसे ते त्याला प्रत्यक्ष जाणवले. वेदान्ताचे ग्रंथ तोवर त्याने पाहिलेही नव्हते. ६३ नायनार संतांची चरित्रे सांगणारे पेरियपुराण मात्र त्याच्या वाचनात आले होते. तो उठला तेव्हा मरणाचे भय ओसरले होते, आणि ते पुन्हा कधी परतले नाही.

यानंतर शाळेत त्याचे लक्ष लागेना. २९ ऑगस्ट रोजी, शिक्षा म्हणून व्याकरणाचा धडा उतरून काढीत असता त्याने वही बाजूस सारली आणि डोळे मिटले. ज्याला असेच बसावयाचे त्याला शाळा हवी कशाला, असे थोरला भाऊ रागाने बोलला. वेंकटरामनला ते पटले! भावाच्या शुल्काच्या पाच रुपयांपैकी प्रवासापुरते तीन घेऊन दोन त्याने मागे ठेवले आणि आपल्या शोधासाठी कोणी पैसा खर्चू नये, अशी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीचा आरंभ मी या शब्दाने झाला होता. पुढे मी जाऊन त्या जागी हे असा शब्द आला, आणि शेवटी सही नव्हतीच. काही वाट आगगाडीने, काही पायी, असा प्रवास करून १ सप्टेंबर रोजी तो तिरुवण्णामलै येथे, अरुणाचल पर्वताच्या पायथ्याशी पोहोचला. तेथून तो पुन्हा कधीही दुसरीकडे गेला नाही.

तेथील मंदिराच्या भुयारात तो ध्यानस्थ बसला असता किड्यामुंग्यांनी मांड्या फोडल्या, तरी त्याला शुद्ध नव्हती. लोकांनी उचलून बाहेर आणले. देहाची ही हेळसांड मात्र अनुकरणीय नव्हे, आणि पुढे त्यांनी स्वतःही कोणास तसे करावयास सांगितले नाही.

त्या माउलीचे दुःख वगळून हे चरित्र सांगता येणार नाही. १८९८ साली पत्ता लागताच ती धावत आली, दिवसामागून दिवस रडली. पण मौन धरलेला मुलगा घरी परतला नाही. जे व्हावयाचे ते होते, ते टळत नाही, एवढाच आशय त्याने कागदावर लिहून दिला. वाचताना आजही मन कळवळते.

१८९९ पासून ते विरूपाक्ष गुहेत राहिले. १९०७ साली गणपती मुनी या विद्वानाने त्यांना रमण महर्षी हे नाव दिले. भेटीस येणाऱ्यांना ते बहुधा एकच सांगत, की मी कोण याचा शोध घ्या. १९१६ साली आई त्यांच्याजवळ कायमची राहावयास आली. १९ मे १९२२ रोजी तिचा अंतकाळ जवळ आला, तेव्हा एक हात तिच्या हृदयावर व दुसरा मस्तकावर ठेवून महर्षी दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिले. एकेकाळी तिच्या अश्रूंनी न विरघळलेला मुलगा तिच्या अखेरच्या श्वासापर्यंत जागचा हलला नाही. पर्वताच्या पायथ्याशी तिची समाधी बांधली गेली आणि तिच्याभोवती आश्रम वाढला.

१९४९ च्या आरंभी महर्षींच्या डाव्या हातावर एक गाठ दिसू लागली. ती कर्करोगाची होती. वर्षभरात चार वेळा शस्त्रक्रिया झाली. हात कापून टाकावा, असे डॉक्टरांनी सुचविले. त्यास मात्र त्यांनी संमती दिली नाही. वेदना होत नव्हत्या, असे नाही. रात्री झोपेत ते कण्हत असत. आता भय होते ते भक्तांना. महर्षी आपल्याला सोडून जाणार, या विचाराने ते व्याकूळ झाले होते, आणि आजारी माणूसच त्यांचे सांत्वन करीत होता. मी जाणार तरी कोठे, असे ते त्यांना विचारीत. उठवेनासे झाले, तरी आलेल्या कोणालाही दर्शनावाचून परत पाठवू नये, असा त्यांचा आग्रह असे. लोक रांगेने त्यांच्या लहानशा खोलीच्या दारावरून जात.

१४ एप्रिल १९५० च्या संध्याकाळी त्यांनी स्वतःला उठवून बसवावयास सांगितले. बाहेर ओसरीवर भक्तमंडळी त्यांनीच पूर्वी रचलेले अरुणाचलाचे स्तोत्र गाऊ लागली. ते ऐकून त्यांनी डोळे उघडले, किंचित स्मित केले, आणि डोळ्यांच्या कडांतून अश्रू ओघळले. मग एक दीर्घ श्वास, आणि त्यानंतर श्वास आला नाही. रात्रीचे आठ वाजून सत्तेचाळीस मिनिटे झाली होती. दुसऱ्या दिवशी, आश्रमात, आईच्या समाधीजवळच त्यांच्या देहाला समाधी देण्यात आली.