न्यूटनला शाळेत परत कोणी आणले?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर लवणासुरामुळे नव्हे, तर अंतराळातून आदळलेल्या दगडामुळे झाले, असे आम्ही मुलांना सांगतो. एका दगडाने काळ्या कातळात सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचा खड्डा कसा पडेल? या प्रश्नाचे उत्तर आयझॅक न्यूटनपासून सुरू होते.

न्यूटन यांचा जन्म 1642 च्या नाताळच्या दिवशी इंग्लंडमधल्या वूल्सथॉर्प या खेड्यात झाला. शेतकरी वडील जन्माआधीच वारले होते. त्यांना सहीही करता येत नव्हती. तीन वर्षांचे असताना आईने दुसरे लग्न केले आणि ते आजीकडे राहिले. सतराव्या वर्षाच्या सुमारास आईने त्यांना शाळेतून काढून शेतीला जुंपले. मामा आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिची समजूत घातली, म्हणून ते शाळेत परतले. 1661 मध्ये इतरांची कामे करून शिकणारा विद्यार्थी म्हणून ते केंब्रिजला गेले. 1669 मध्ये तिथेच प्राध्यापक झाले. 1687 मध्ये त्यांचा ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1727 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या ग्रंथातला गतीचा दुसरा नियम आज आपण असा शिकतो: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. 100 किलोची हातगाडी 200 न्यूटन बलाने ढकलली, तर घर्षण सोडल्यास तिचा वेग दर सेकंदाला 2 मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. कापूस भरून ती 200 किलोची झाली, तर तेवढ्याच बलाने ही वाढ निम्मी होते. थांबवतानाही हाच नियम लागू पडतो. प्रचंड वस्तुमानाचा, सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येणारा दगड क्षणात अडवला गेला, तेव्हा कातळावर अफाट बल पडले. त्या आघाताने विवर झाले.

न्यूटन यांनी किमयेतही अनेक वर्षे घालवली. ती तपासणीत टिकली नाही, हा नियम रोजच्या वेगांना टिकला. गुरू सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण इथेही लागू पडते.

युवकांना आमचे सांगणे एवढेच: कापूस वेचणीच्या दिवसांत वस्तीतल्या कोणत्या मुलामुलीची शाळा सुटते, ते पाहा. त्यांच्या घरी जा, आईवडिलांशी बोला, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या. बाबासाहेबांच्या परदेशातील शिक्षणालाही बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीचा हातभार लागला होता. भरलेल्या गाडीला रेटा जास्तच लागतो. तो आपण द्यायचा आहे.