विश्लेषण : गोल्फचे मूलभूत धडे लिहिणारा बेन होगन स्वतः कसा शिकला?

गोल्फ शिकायला जाणाऱ्याला पहिल्या दिवशी चेंडू जोरात मारायला मिळेलच असे नाही. आधी क्लब (चेंडू मारायची काठी) हातात कसा धरायचा, पाय कुठे ठेवायचे, यातच वेळ जातो. हा क्रम जगभर रुजवण्यात अमेरिकी गोल्फपटू बेन होगन याच्या १९५७ सालच्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. हे धडे होगनला कुठल्या प्रशिक्षकाने दिले नव्हते. त्याच्या चुकांतून ते तयार झाले आणि त्या चुकांचा ठसा पुस्तकावर आजही दिसतो.

कोण होता बेन होगन?

जन्म १३ ऑगस्ट १९१२, टेक्सास. वडील लोहार. १९२२ मध्ये त्यांनी आत्महत्या केली तेव्हा बेन नऊ वर्षांचा होता. घर चालवायला आई शिवणकाम करू लागली आणि बेन फोर्ट वर्थच्या रेल्वे स्थानकावर वर्तमानपत्रे विकू लागला. पुढे तो ग्लेन गार्डन क्लबमध्ये कॅडी, म्हणजे खेळाडूंची क्लबची पिशवी वाहणारा पोऱ्या झाला. त्याच क्लबच्या कॅडींमध्ये बायरन नेल्सन हा आणखी एक भावी विजेता होता. होगन खेळला उजव्या हाताने.

वयाच्या १७व्या वर्षी, १९३० मध्ये तो व्यावसायिक झाला आणि लवकरच कफल्लक होऊन घरी परतला. असे एकदा नव्हे, अनेकदा झाले. एकट्याच्या नावावर पहिली व्यावसायिक स्पर्धा जिंकायला १९४० साल उजाडले.

‘हुक’ म्हणजे काय?

या दहा वर्षांच्या खडतर काळामागचे एक मोठे कारण म्हणजे ‘हुक’. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत जोरात डावीकडे वळतो, त्याला हुक म्हणतात. आघाताच्या क्षणी क्लब ज्या दिशेने जात असतो, त्या दिशेच्या तुलनेत त्याचा चेहरा डावीकडे मिटलेला असेल, तर चेंडूच्या फिरकीचा अक्ष कलतो आणि चेंडू वळतो. असा चेंडू खाली पडल्यावर बराच घरंगळतो आणि थेट उंच गवतात जातो. त्यामुळे हुक विशेष महागात पडतो.

होगनने यावर उपाय शोधला तो सरावाच्या मैदानावर. स्पर्धेची फेरी संपली की इतर खेळाडू निघून जात, हा मात्र चेंडू मारत बसे. त्या काळी इतका सराव हा चेष्टेचा विषय होता. डाव्या हाताची पकड त्याने थोडी डावीकडे सरकवली, मनगटाची ठेवण बदलली. चेंडू किंचित उजवीकडे वळू लागला आणि मुख्य म्हणजे ताब्यात राहू लागला.

अपघातानंतर काय झाले?

२ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्सासमध्ये धुक्यात एक बस त्याच्या मोटारीवर समोरून आदळली. पत्नी व्हॅलेरीला वाचवायला तो तिच्या अंगावर झेपावला. त्यामुळेच तोही वाचला, कारण स्टिअरिंगचा दांडा चालकाच्या जागेत घुसला होता. कंबरेचे हाड, गळपट्टीचे हाड, घोटा मोडला. रक्ताच्या गुठळ्यांमुळे पोटातली मुख्य शीर बांधावी लागली आणि पायांचा रक्तपुरवठा कायमचा बिघडला. सुमारे १६ महिन्यांनी, जून १९५० मध्ये, पायांना पट्ट्या गुंडाळून तो मेरियन येथे अमेरिकी ओपन खेळला. शेवटच्या दिवशी ३६ होल, दुसऱ्या दिवशी बरोबरी सोडवायला आणखी १८. तो जिंकला. १९५३ मध्ये त्याने सहापैकी पाच स्पर्धा जिंकल्या, त्यांत तीन प्रमुख. कारकिर्दीत अशी नऊ जेतेपदे.

पुस्तकात नेमके काय आहे?

नावात पाच धडे असले तरी पाचवा ही उजळणीच आहे. पहिला सगळा धडा पकडीवर. डाव्या हातात क्लब तळव्यातून तिरका जातो, उजव्या हातात तो बोटांत धरायचा आणि उजवी करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर टेकवायची. दुसऱ्या धड्यात उभे राहणे : उजवे पाऊल काटकोनात, डावे थोडे बाहेर वळवलेले. उरलेले दोन धडे स्विंगचे. खांद्यांवर टेकलेली आणि चेंडूपर्यंत उतरणारी काच कल्पून स्विंगचा उतार समजावणारे अँथनी राव्हिएलीचे चित्र अतिशय गाजले. अभियंत्याला हे पुस्तक आवडते ते इथेच. प्रत्येक हालचालीला कारण आहे. खाली येताना सुरुवात हातांनी नव्हे तर कंबरेने करायची, कारण हात आधी आले तर कंबरेतली ताकद वाया जाते.

मग हे धडे सर्वांना लागू पडतात का?

पूर्णपणे नाही. बहुतेक नवशिक्यांचा त्रास हुक नसून ‘स्लाइस’ असतो, म्हणजे चेंडू उजवीकडे वळतो. होगनची डाव्या हाताची पकड चेंडू डावीकडे जाऊ नये यासाठी घडलेली. ती जशीच्या तशी उचलली तर अशा शिकाऊचा स्लाइस वाढू शकतो. म्हणून अनेक प्रशिक्षक त्याचा क्रम घेतात, पण पकड शिकाऊच्या हातानुसार बदलतात. १९५५ मध्ये त्याने ‘लाइफ’ नियतकालिकाला आपले ‘गुपित’ विकले होते, तेही मनगटाने हुक रोखण्याचेच. दोन वर्षांनी आलेल्या पुस्तकात मात्र त्याने त्या गुपितावर भर दिला नाही.

२५ जुलै १९९७ रोजी, ८४व्या वर्षी फोर्ट वर्थमध्येच तो वारला. पुस्तक अजून छापले जाते.