बाजीरावांचा वेग... आणि तुमचा?

तुमच्या ग्रुपमध्ये एक जण असतोच. पटकन ठरवणारा, सगळ्यांना कामाला लावणारा. कदाचित तुम्हीच तो! मग थोरल्या बाजीरावांना भेटाच.

१७२० मध्ये शाहू महाराजांनी त्यांना पेशवा केलं, तेव्हा वीस वर्षंही पूर्ण नव्हती. दरबारातले जुनेजाणते नाराज. पण बाजीरावांना माणसं हेरता यायची. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे अशा नव्या दमाच्या लोकांवर त्यांनी भरवसा टाकला. १७२८ मध्ये निजामाच्या जड फौजेला पळवून पळवून दमवलं, पालखेडला कोंडीत पकडलं आणि तह करायला लावला.

पण हाच स्वभाव नडलाही. १७३१ मध्ये डभईला समोर शत्रू नव्हता, मराठ्यांचेच सेनापती त्र्यंबकराव दाभाडे होते. त्या लढाईत ते मारले गेले. मोहिमांपायी कर्जाचा डोंगर वाढला तो वेगळाच. १७४० मध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. चाळिशीही गाठली नव्हती.

तुम्हीही असेच लीडर असाल तर वेग सोडू नका. फक्त धावताना एकदा बघा, समोर उभा असलेला आपल्यातलाच तर नाही ना? असेल, तर आधी त्याच्याशी बोला.