मागे राहिलेल्यांचा वकील

मुंबईच्या पारशी समाजाला इराण हे दीर्घकाळ पूर्वजांच्या वैभवाचे नाव होते. तेथे मागे राहिलेल्या भाऊबंदांचे हाल समुद्रापलीकडेच राहत. १७९६ च्या सुमारास पित्यासह इराणातून पळून आलेली गुलिस्तानबानू मुंबईतील फ्रामजी पांडे यांची पत्नी झाली, आणि ते दुःख घरचे झाले. त्यांचे पुत्र मेहेरवानजी यांच्या पुढाकाराने निधी उभा राहिला. १८५४ साली त्याचे प्रतिनिधी म्हणून माणेकजी लिमजी हातरिया इराणला गेले. सुरतेजवळ १८१३ साली जन्मलेल्या या गृहस्थांना तेथे सुमारे सात हजार धर्मबांधव दारिद्र्यात आणि जिझियाच्या जाचाखाली पिचलेले आढळले. त्यांनी यज्द व केरमान येथे शाळा काढल्या, अग्निमंदिरांचा जीर्णोद्धार केला आणि करमुक्तीसाठी दरबाराचे उंबरठे झिजविले. अखेर १८८२ साली नासिरुद्दीन शहाने जिझिया रद्द केला. १८९० साली माणेकजींनी तेहरानातच देह ठेवला. पूर्वजांचे वैभव मिरविण्यास कष्ट पडत नाहीत. त्यांच्या दुबळ्या वंशजांचा भार उचलण्यास मात्र आयुष्य वेचावे लागते. माणेकजींनी ते वेचले.