बॅटरीच्या बापाची गोष्ट

तुमच्या स्पोर्ट्सबाइकबद्दल तुम्हाला सगळं तोंडपाठ असतं. सीसी किती, टॉर्क किती, स्लिपर क्लच आहे की नाही, पुढचा टायर कितीचा. पण सीटखाली गुपचूप बसलेला तो काळा डबा पहिल्यांदा कुणी बनवला, असं विचारलं तर? गप्प! बारावीच्या केमिस्ट्रीत लेड स्टोरेज बॅटरीची रिअॅक्शन तुम्ही मार्कांसाठी घोकली, पेपर झाला आणि विषय संपला. ज्याच्या डोक्यातून ती निघाली, त्याचं नाव गास्तों प्लांते. त्याची गोष्ट माहीत झाली, तर बाइकची बॅटरी वर्षभरात का बसते, हेही आपोआप कळतं.

प्लांतेचा जन्म १८३४ चा, फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या ओर्तेझ गावातला. धाकटा भाऊ फ्रान्सिस पुढे नावाजलेला पियानोवादक झाला. गास्तोंला ओढ विज्ञानाची. १८५४ मध्ये, म्हणजे तुमच्याच वयाचा असताना, तो पॅरिसच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून लागला. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळच्या म्यूदोंमध्ये त्याला एक जीवाश्म सापडला. तो निघाला एका महाकाय, उडता न येणाऱ्या प्राचीन पक्ष्याचा. त्या पक्ष्याला शास्त्रज्ञांनी गास्तोंच्याच नावावरून ‘गॅस्टॉर्निस’ म्हटलं. एकविशीत पोराचं नाव विज्ञानाच्या पुस्तकात गेलं! दुसरा कुणी असता तर तिथेच रमला असता. हा परत विजेच्या तारांकडे वळला.

तेव्हा विजेची अवस्था काय होती बघा. घरात वीज नाही, प्लग नाही, जनरेटर नावापुरते. प्रयोगाला करंट हवा असेल तर रासायनिक सेल जोडायचे. त्यात जस्त विरघळायचं आणि वीज मिळायची. जस्त संपलं की सेल संपला, नवं जस्त आणा. म्हणजे मोबाइल चार्ज न करता दर वेळी नवीनच घ्यायचा, तसला प्रकार! एकदा वापरलेली वीज पुन्हा भरता येईल का, हा प्रश्न त्यामुळे साधा नव्हता.

आम्लात दोन धातूंचे पत्रे बुडवून त्यांतून करंट सोडला आणि मग तो काढून घेतला, तर थोडा वेळ उलट्या दिशेने करंट वाहतो, हे इतरांच्याही लक्षात आलं होतं. बहुतेकांना ती प्रयोगातली कटकट वाटायची. प्लांतेने त्या कटकटीचाच पिच्छा पुरवला. वेगवेगळे धातू घेऊन तो मोजत बसला, की उलटा करंट सर्वांत जोरात आणि सर्वांत जास्त वेळ कोण देतं. सोनं-चांदी नाही, प्लॅटिनम नाही. जिंकलं शिसं. स्वस्त, जड, मऊ, कुणी भाव न देणारं शिसं.

१८५९ मध्ये त्याने शिशाचे दोन पत्रे घेतले, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पट्ट्या घातल्या, दोन्हींची मिळून गुंडाळी केली आणि ती पातळ सल्फ्युरिक आम्लात ठेवली. जगातली पहिली कामाची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी ती हीच. १८६० च्या मार्चमध्ये त्याने नऊ सेलची बॅटरी फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवली. त्याच सुमारास तो कामगार आणि सामान्य माणसांना शिकवणाऱ्या एका संस्थेत भौतिकशास्त्राचा प्राध्यापकही झाला.

आता खरी मजा ऐका. प्लांतेची नवी कोरी बॅटरी अगदी दुबळी असायची. नुसत्या शिशाच्या पत्र्यात वीज फारशी मावत नाही. मग तो ती चार्ज करायचा, उतरवायचा, उलट बाजूने चार्ज करायचा, पुन्हा उतरवायचा. हे आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने. दर फेरीला पत्र्याच्या वरच्या थराचं थोडं थोडं रूपांतर व्हायचं. एका पत्र्यावर तपकिरी लेड डायऑक्साइड, दुसऱ्यावर स्पंजासारखं सच्छिद्र शिसं. थर जितका खोल, तितकी बॅटरी दमदार. बरं, हे सगळं करायला चार्जर कोणता? तेच जस्त खाणारे जुने सेल! चार्जिंगच्या कामाचा डायनॅमो यायला १८७० चं दशक उजाडलं. धरण बांधून झालं होतं, नदी यायची होती. तरी हा माणूस दहा-बारा वर्षं धरणच मजबूत करत राहिला.

पुढे त्याने आठशे सेल एकत्र जोडून मोठमोठ्या ठिणग्या पाडल्या, विजांच्या कडकडाटाचा अभ्यास केला, १८७९ मध्ये आपलं सगळं संशोधन ग्रंथात मांडलं. १८८१ मध्ये कामीय फोर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने शिशाच्या संयुगांचा लगदा प्लेटवर थापायची युक्ती काढली. महिन्यांचं काम दिवसांवर आलं आणि कारखान्यात बॅटऱ्या बनू लागल्या. त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर शिशाच्या बॅटरीवर चालणारी तीनचाकी धावली. १८८५ मध्ये जर्मनीत डाइमलरची पहिली पेट्रोल मोटरसायकल निघाली, पण तिला बॅटरी नव्हती. १८८९ च्या मे महिन्यात प्लांते गेला, वय ५५. बटण दाबून सुरू होणारी गाडी त्याने कधी पाहिलीच नाही.

आणि आज? तुम्ही माणला राहत असाल, तर त्याच्या वारशाच्या अगदी शेजारी राहता. चिंचवडला एक्साइडचा बॅटऱ्यांचा कारखाना आहे. चाकणला बजाजच्या कारखान्यात पल्सर आणि केटीएम तयार होतात. पेट्रोलवर चालणाऱ्या त्यातल्या बहुतेक गाड्यांच्या पोटात प्लांतेचंच शिसं आणि प्लांतेचंच आम्ल असतं. दोन व्होल्टचा एक, असे सहा सेल मिळून बारा व्होल्ट. डबा सीलबंद झाला, पाणी घालायची भानगड गेली, पण केमिस्ट्री तीच.

फरक पडलाय तो गाडीत. तुमच्या काकांच्या आरएक्स-१०० ची बॅटरी मेली तरी किक मारली की गाडी चालू. तुमच्या बाइकला किकच नाही. शिवाय १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि फ्युएल इंजेक्शन जवळपास सगळीकडे झालं. पेट्रोलचा पंप, सेन्सर, ईसीयू, सगळ्यांना वीज लागते. बॅटरी ठार झाली असेल तर मित्रांकडून कितीही धक्का मारून घ्या, गाडी ढिम्म. म्हणजे लाखांच्या घरातली बाइक, डोक्यावर ईएमआय, आणि ती कॉलेजला पोचणार की नाही हे काही हजारांच्या डब्यावर अवलंबून!

त्यात आपल्याकडचा ट्रॅफिक. माणहून निघायचं, हिंजवडीच्या फेज तीनपासून रांगेत लागायचं. इंजिन रांगत असतं तेव्हा आल्टरनेटर कमी वीज बनवतो. हेडलाइट मात्र २०१७ पासून कायम चालूच असतो. रेडिएटरचा पंखा फिरत असतो, वर तुमचा मोबाइल चार्जर. सिग्नलला तुम्ही इंजिन बंद करता आणि पुन्हा सेल्फ मारता. सेल्फ बॅटरीतून एका दमात खूप करंट ओढतो, आणि तो भरून यायला मोकळ्या रस्त्यावर नीट आरपीएमला गाडी चालावी लागते. तीन किलोमीटरच्या रखडत्या प्रवासात खर्च जास्त, जमा कमी. महिनाभर असंच चाललं, तर खातं रिकामंच होणार ना!

पण सगळ्यात मोठा घात चालवण्याने होत नाही, उभं ठेवण्याने होतो. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळून जातं. तसंच पडू दिलं तर त्याचे खडे मोठे आणि टणक होतात, मग ते परत फिरत नाहीत. तेवढी प्लेट कायमची गेली. परीक्षा संपते, तुम्ही सुट्टीला सोलापूर-लातूर-जळगाव गाठता, बाइक पार्किंगमध्ये दीड महिना. घड्याळ, अलार्म, जीपीएस ट्रॅकर थेंब-थेंब वीज पीत राहतात. परत आल्यावर नुसती टिक-टिक.

इथे एक गैरसमज दूर करा. बॅटरी पूर्ण उतरवून मग चार्ज केली की तगडी होते, असं सांगणारे भेटतात. प्लांतेच्या जाड पत्र्याला ते लागू होतं. तुमच्या बॅटरीत फोरच्या पद्धतीने थापलेला लगदा आहे, आणि तो कारखान्यातच तयार होऊन येतो. तिला पार उतरवलं की लगदा झिजतो. तिला भरलेलंच राहायला आवडतं.

म्हणून चार गोष्टी करा. साधा मल्टिमीटर घ्या. काही तास उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर ठीक. १२ च्या जवळ आली तर ताबडतोब चार्ज करा. इंजिन चालू असताना आरपीएम थोडे वाढवून मोजा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा हवेत. तसे नसतील तर दोष चार्जिंगचा असू शकतो. नवीन बॅटरी टाकूनही ती परत बसेल आणि तुम्ही उगाच गाडीच्या किंवा बॅटरीच्या कंपनीला शिव्या घालत बसाल. लांब सुट्टीला जाताना आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा. इथेच असाल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. पार्किंगमध्ये दोन मिनिटं इंजिन घुमवून बंद करणं म्हणजे चार्जिंग नव्हे, उलट तोटा. आणि सेल्फ लागत नसेल तर बटण दाबून धरू नका. दोन-तीन सेकंद, मग थोडा दम.

बॅटरी खरंच गेली तर ती कचऱ्यात फेकू नका. शिसं विषारी असतं. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, त्या बदल्यात थोडे पैसेही सुटतात. ते शिसं वितळून पुन्हा नव्या बॅटरीत जातं. ज्या धातूला कुणी विचारत नव्हतं, त्यात प्लांतेला दम दिसला, आणि तो दम बाहेर काढायला त्याने वर्षंच्या वर्षं रोज थोडं थोडं लक्ष दिलं. तुमच्याकडून बॅटरीला तेवढंही नको. आठवड्याचा अर्धा तास पुरतो.