एक्केचाळिसाव्या वर्षी गिरवलेली मुळाक्षरे

रशियन संगीताचा जनक म्हणून ज्याचे नाव आदराने घेतले जाते, त्या मिखाईल ग्लिंकाने १८४५ साली, नेमक्या आपल्या वाढदिवशी, स्पेनच्या भूमीवर पाऊल ठेवले. त्या दिवशी त्याला ४१ वर्षे पुरी झाली. मायदेशी कीर्ती मिळवलेला हा संगीतकार तेथे मैफली गाजवायला आला नव्हता. तो शिकायला आला होता. आणि गाणे शिकण्याआधी त्याने त्या लोकांची भाषा शिकायला घेतली होती. त्याच्या चरित्रातील ही दोन वर्षे संगीताच्या प्रत्येक विद्यार्थ्याने, आणि शिक्षकानेही, ध्यानी घेण्यासारखी आहेत.

ग्लिंकाचा जन्म १८०४ चा, स्मोलेन्स्क प्रांतातील एका जमीनदार घराण्यातला. मामाच्या पदरी भूदासांचा वाद्यवृंद होता. त्यांचे वादन ऐकत त्याचे बालपण गेले. तरुणपणी तो तीन वर्षे इटलीत राहिला, नंतर बर्लिनला सीग्फ्रीड डेन यांच्याजवळ त्याने संगीतशास्त्राचे रीतसर अध्ययन केले. १८३६ मध्ये ‘झारसाठी प्राणार्पण’ हा त्याचा ऑपेरा सेंट पीटर्सबर्गच्या रंगभूमीवर आला आणि त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु १८४२ मध्ये आलेला ‘रुस्लान आणि ल्युदमिला’ पहिल्याच प्रयोगात पडल्यासारखा झाला. राजघराण्यातील मंडळी तर प्रयोग संपण्यापूर्वीच उठून गेली. कलावंताच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे संस्थानी शहरातील जुन्या वाचकांना सांगायला नको. संसार तोवर मोडला होता, प्रकृती तर मुळातच नाजूक. अशा मनःस्थितीत १८४४ मध्ये त्याने पीटर्सबर्ग सोडले व पॅरिस गाठले.

पॅरिसमध्ये बर्लिओझसारख्या नामांकित संगीतकाराने त्याच्या रचना आपल्या मैफलीत वाजविल्या. दुसरा कोणी असता तर त्या कौतुकातच रमला असता. ग्लिंकाचे लक्ष मात्र स्पेनकडे लागले होते. तेथील लोकसंगीत मुळातून ऐकावे, ही त्याची जुनी इच्छा. त्यासाठी त्याने पॅरिसमध्येच एका स्पॅनिश गृहस्थाकडे धडे घ्यायला सुरुवात केली. शिवाय दोन सान्तियागो एर्नांदेस नावाचा एक स्पॅनिश माणूस सोबतीला ठेवला आणि त्याच्याशी बोलूनबोलून जिभेला वळण लावले. फ्रेंच, जर्मन, इटालियन या भाषा त्याला येत होत्याच. दुभाष्याकडून काम भागले नसते असे नाही. पण त्याला काम भागवायचे नव्हते.

स्पेनमध्ये त्याचा पहिला मुक्काम वायादोलिद या शहरी पडला. संध्याकाळी शेजारपाजारची मंडळी जमत, गात, नाचत, गप्पा मारीत. त्यांतच फेलिक्स कास्तिया नावाचा एक गिटार वाजविणारा होता. त्याच्याकडून आरागोन प्रांतातील ‘खोता’ या नृत्यगीताची चाल व तिचे विस्तार ग्लिंकाने ऐकले व टिपून घेतले. त्याच वर्षी माद्रिदला पोहोचल्यावर त्या चालीवर त्याने वाद्यवृंदासाठी आपली पहिली स्पॅनिश रचना सिद्ध केली.

माद्रिदमध्ये मात्र एक अडचण उभी राहिली. तेथील रंगमंदिरांतून व प्रतिष्ठित घरांतून इटालियन ऑपेराचाच बोलबाला होता. शिकलेल्या गायकांना खरे स्पॅनिश गाणे विचारावे, तर तेही इटालियन थाटात गात. जे हवे ते रस्त्यावर, पिठ्यात, खेचरे हाकणाऱ्यांच्या तोंडी होते. ग्लिंका तेथे गेला. एक खेचरवाला संध्याकाळी त्याच्याकडे येऊन गाऊ लागला. त्याच्या तोंडून ला मांचा प्रांतातील ‘सेगिदिया’ नावाची दोन गीते त्याने उतरून घेतली आणि पुढे आपल्या दुसऱ्या स्पॅनिश रचनेत त्यांचा उपयोग केला. जो खेचरवाल्याशी त्याच्या बोलीत चार शब्द बोलू शकत नाही, त्याच्यासमोर तो खेचरवाला मोकळ्या गळ्याने कसा गाईल?

त्या वर्षीचा हिवाळा त्याने ग्रानादामध्ये काढला. तेथे फ्रान्सिस्को रोद्रीगेस हा गिटारवादक होता. लोक त्याला ‘एल मुर्सियानो’ म्हणत. तो लिहिणेवाचणे न येणारा, स्वतःच्या दुकानात दारू विकणारा साधा माणूस. पण हातात विलक्षण सफाई. वाजवायला बसला की दर वेळी नवे काही निघे. स्वरलेखनात पारंगत असलेला ग्लिंका कागद घेऊन बसे आणि हताश होई. एका नृत्यशिक्षकाकडे त्याने नाचाचेही धडे घेतले. पाय कसेबसे ऐकू लागले. चिपळ्यांच्या जातीचे जे छोटे लाकडी वाद्य नाचताना बोटांत वाजवायचे असते, ते मात्र त्याला अखेरपर्यंत साधले नाही.

पुढल्या वर्षी तो मुर्सियाला व नंतर सेव्हिलला गेला. सेव्हिलच्या नृत्यांत त्याला एक नवल दिसले. गायक आपल्या लयीत गात असे, गिटार वेगळीच लय धरी आणि नर्तकीच्या टाळ्या व पदन्यास तिसऱ्याच लयीत पडत. तरीही सारे मिळून एक होई. मूरांच्या काळापासून झिरपलेले तेथील गळ्याचे वळण युरोपीय स्वरलिपीत मावत नव्हते. जे लिहिता येत नाही ते सहवासाने घ्यावे लागते. आपल्याकडे यालाच तालीम म्हणतात.

भाषेचे आणि स्वरांचे नाते आम्हां मराठी घरांतील गाणाऱ्यांना नवे नाही. माझे वडील चीज सांगण्यापूर्वी तिचे ब्रजभाषेतील बोल शिष्याकडून स्वच्छ म्हणवून घेत, अर्थ विचारीत आणि मगच तंबोरा जुळवीत. शब्द कोठे तुटतो आणि कोठे लांबतो हे ज्याला कळत नाही, त्याची सम चुकत नसेल, पण गाणे चुकते. ग्लिंकाने स्पॅनिश शिकण्यात घातलेले महिने वाया गेले असे जे म्हणतील, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

दोन वर्षे राहून १८४७ मध्ये तो परतला. दोन पेद्रो नावाचा एक स्पॅनिश स्नेही त्याच्याबरोबर रशियात आला व पुढे काही वर्षे त्याच्यापाशी राहिला. १८४८ मध्ये वॉर्सा येथे ग्लिंकाने दुसरी स्पॅनिश रचना लिहिली. पुढे ती ‘माद्रिदमधील उन्हाळ्याची रात्र’ या नावाने प्रसिद्ध झाली. पण त्याच वर्षी, त्याच शहरी, त्याच्या हातून ‘कामारिन्स्काया’ उतरली. या रचनेत एक संथ लग्नगीत व एक नाचाचे गीत, अशी दोन अस्सल रशियन लोकगीते त्याने एकमेकांत गुंफली. ही गीते रशियात कोणाला ठाऊक नव्हती? परंतु परक्या देशात खेडुतांपुढे शिष्य होऊन बसल्यावर त्याच्या कानांना आपल्या घरचे सूर नव्याने ऐकू आले. ओकचे झाड जसे त्याच्या फळात सामावलेले असते, तसे पुढचे सारे रशियन वाद्यवृंद-संगीत या लहानशा रचनेत आहे, असा अभिप्राय चायकोव्हस्कीने नोंदवून ठेवला आहे. तरुण बालाकिरेव्ह भेटला तेव्हा ग्लिंकाने त्याला स्पेनहून आणलेली एक चाल दिली. तिच्यावर १८५७ मध्ये बालाकिरेव्हने रचना केली.

शिष्यपण त्याने अखेरपर्यंत सोडले नाही. १८५६ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, तो पुन्हा बर्लिनला आपल्या जुन्या गुरूंकडे, डेन यांच्याकडे गेला. रशियन देवळांतील प्राचीन स्तोत्रगायनाला योग्य शास्त्र मिळवून द्यावे, हा हेतू होता. तो अभ्यास चालू असतानाच १५ फेब्रुवारी १८५७ रोजी त्याचे तेथे निधन झाले. वय वाढले म्हणून शिकवणी बंद करणाऱ्यांनी, आणि मुलांना शिकवताना स्वतः शिकायचे थांबलेल्या आम्हां शिक्षकांनीही, या माणसाचे स्मरण ठेवावे.